डावीकडचं दार

नाही हो जावईबापू, लोकल पत्रा नकोच असं मी कुठं म्हणतेय? लोकलही बसवते मी, रोज बसवते. मी फक्त फरक सांगतेय. सासू म्हणून नाही सांगत, ते नातं घरात — इथं मी पत्रेवाली, तुम्ही गिऱ्हाईक. बसा ना, उभे का? त्या पेटीवर नको, ग्रीस लागलंय तिला, पँट खराब होईल — पांढरी पँट घालून गॅरेजात येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय — त्या टायरवर बसा. हां. फोन राहू द्या तिथंच टेबलावर, चार्ज होतोय, वाजला तर ऐकू येईल. तर काय सांगत होते? पत्रा. हे बघा, हे तुमचं जुनं फेंडर, पुढच्या चाकावरचं. कंपनीचं. सडलंय, कडेला चाळण झालीये, तरी वाजवते ऐका — टण्! — ऐकलंत? अजून भरीव आहे. आणि हे लोकल, नवंकोरं, काळ्या रंगात बुडवून आणलेलं — ठप्. डब्याचं झाकण. पातळ असतो हो पत्रा, आणि कडा दुमडलेल्या असतात त्या नुसत्या दुमडलेल्या, आत पाणी शिरलं की परत गंज. पण फेंडरला चालतं. फेंडर काय, बोल्टवर असतं, उद्या नाही आवडलं तर काढून फेकलं. फेंडरला मी तुम्हाला लोकलच सांगेन.

आता ही पायरी. दाराच्या खालचा हा लांब पत्रा, याच्यावर सगळी गाडी तोललेली असते, आणि हिच्यात बघा — हा स्क्रू-ड्रायव्हर, मी जोर नाही लावत हं — गेला. मुठीपर्यंत गेला! हसता काय, तुमचीच गाडी आहे. इथं लोकल बसवायचा म्हणजे जिवाशी खेळ. बाजूनं कोणी ठोकलं तर हा पत्रा अडवतो, तो अडला नाही तर दार सीटपर्यंत येतं आणि सीटवर जो बसलाय त्याची हाडं — जाऊ द्या. इथं कंपनीचा. ठरलं? ठरलं. राहिलं दार. हे डावीकडचं, पुढचं. याच्याबद्दल मला तुमच्याशी जरा बोलायचंय, कारण मला कळेना. खाली गंज आहे, कबूल, टाचेएवढी पट्टी कापायची, नवी जोडायची, दार पुढं कितीतरी वर्षं चालेल. मी तेच म्हटलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात नको, पूर्ण दार बदला. म्हटलं बरं, कंपनीचं मागवते, महिना लागेल. तर म्हणालात नको, लोकल बसवा, पण आजच बसवा. आजच! आणि जुनं दार लगेच भंगारात द्या. बाकीच्या गाडीचं काही का होईना, फेंडर गळून पडलं तरी चालेल, पण दार आज. म्हणजे मला गंमत वाटली हो. माणसं भाव करतात, रंगाबद्दल कटकट करतात. जुन्या दाराच्या मागे लागलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

पोरगी झोपलीये माझी, मागच्या खोलीत. नाही, उठवू नका, पाय सुजलाय तिचा. हो, म्हणाली मला — बाथरूममध्ये घसरली. घसरली तर घसरली. पाऊल असं हे एवढं झालंय, टाच काळीनिळी, अंगठ्याचं नख निघालेलं. मी हळद लावू का विचारलं तर म्हणाली, हात नको लावूस. चार दिवस राहायला आली आणि पहिल्या दिवसापासून विचारतेय, त्यांचा फोन आला होता का, ते कधी येणार. आता तुम्ही आलातच. तुमचं गणित सरळ आहे — दार बसलं की गाडी सुटली, गाडी सुटली की ती पण निघाली, पाय दुखतोय म्हणून चालत तर नेता येणार नाही. महिनाभर गाडी माझ्याकडं पडून राहिली तर ती पण महिनाभर इथं. म्हणून लोकल. बरोबर ना? नाही, म्हणजे मी आपलं विचारलं. काळजीनं म्हणता तुम्ही. तेच तर मी म्हणतेय, काळजीनं.

बरं, या इकडं, लोकल दार बसवायचं तर आधी एक काम करावं लागतं. लोकलचं माप कधी बरोबर नसतं. वरून टेकलं तर खालून फाकतं, हातोडीनं मारून मारून बसवावं लागतं, आणि कुठं मारायचं ते कळायला जुन्या दाराची गॅप बघून ठेवायची असते — ही अशी, दार आणि खांबाच्या मधली फट, बोट फिरवून. पण रिकाम्या गाडीत खरी गॅप कळत नाही. आत माणूस बसला की गाडी दबते, दार खाली येतं. तर तुम्ही आत बसा. नाही, ड्रायव्हरच्या बाजूनं जमणार नाही, तिकडं भिंत आहे, मी सकाळी गाडी भिंतीला चिकटवूनच लावली. इकडून, डावीकडून. तिच्या जागेवर. रोज ती बसते ना तिथं, तिथंच बसा. पाय आत घ्या. कोपर आत. मी बाहेरून लावते —

लागलं. काय सुंदर लागलं बघा. कंपनीचं दार म्हणजे हे, एवढा गंज खाऊन पण असा आवाज. आलं का ऐकू? काच वर आहे, मी मोठ्यानं बोलते. थांबा, गॅप बघतेय. वरून ठीक. इथं ठीक. इथं नाही ठीक. इथं वर, काचेच्या चौकटीला, माझी दोन बोटं जातायत, आणि खाली नखसुद्धा जात नाही. का बरं असं? सांगते. आधी तुम्ही एक करा. दार उघडा. तुमच्या हाताशी हँडल आहे, ओढा. ओढा ना. काय झालं? अजून एकदा. जोरात. उघडत नाही? काय सांगता! एवढं मोठं धूड तुमचं, आणि मघाशी बाहेरून बोटानं उघडलं की मी. काच खाली करा मग. नाही होत? हां, बॅटरी काढलीये मी. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढावी लागते, नाहीतर सगळी वायरिंग जळते, हे काही तुमच्यासाठी म्हणून नाही केलं, सगळ्यांच्याच गाडीचं करतो. मागचं दार? बघा हवं तर, जा सीटवरून उडी मारून. मागच्याला लहान मुलांचं लॉक असतं, आतून उघडू नये म्हणून. ते मी लावून ठेवलंय. ते मात्र तुमच्यासाठी.

ओरडू नका हो. काच चांगली आहे, कंपनीची, ओरडलात तरी मला नुसतं तोंड दिसतं. हेच म्हणायचंय मला, की आत बसलेल्या माणसाचं बाहेर नुसतं तोंड दिसतं. शांत बसा, मी सांगते तुमची चूक काय झाली. तुम्हाला वाटलं दार म्हणजे डब्याचं झाकण. जुनं काढलं, नवं लावलं, जुनं भंगारात. तसं नसतं. दार येतं ते नुसता पत्रा येतो, कंपनीचं घ्या की लोकल घ्या. काच, काच वर-खाली करायचं यंत्र, लॉक, हँडलचे रॉड — हे सगळं जुन्या दारातून काढून नव्यात घालावं लागतं. म्हणजे दाराचं आतलं पॅड, ते गादीसारखं अस्तर, खोलावं लागतंच. हे तुम्हाला माहीत नव्हतं. कुणाला माहीत असतं? माझ्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच समजतं. सकाळी तुम्ही चावी देऊन गेलात, म्हटलं जावई आहेत, पटकन करून देऊ, आणि पॅड खोललं. क्लिपा तुटलेल्या, आणि त्या जागी गोंद लावून पॅड चिकटवलेलं — म्हटलं कुणा गाढवानं हात घातलाय. पॅड निघालं आणि आत बघते तर हँडलचा रॉड लॉकमधून काढलेला. तुटलेला नाही. झिजलेला नाही. काढून, वळवून, बाजूला नीट तारेनं बांधून ठेवलेला, वाजू नये म्हणून. हिरवी तार. तुमच्या बाल्कनीत कुंड्यांमधल्या वेलींना बांधलीये ना, तीच. प्लास्टिक चढवलेली. आणि वरची लॉकची खिटी, बोटांनी वर ओढायची, ती कापलेली — पत्र्याच्या बरोबरीनं, कानशीनं घासून गुळगुळीत. काम वाईट नाही केलंत. हात आहे तुम्हाला.

मी तिथं खाली बसले. तिथं, जिथं ते तेल सांडलंय ना, तिथं. मला कळेना हे काय आहे. म्हणजे कळलं, लगेच कळलं, पण डोक्यात शिरेना. दार आतून उघडू नये म्हणून कुणी केलंय, तर आत कोण बसतं? मग मी चौकट बघितली. ही, तुमच्या कानाजवळची. बाहेर वाकलीये. बाहेरून कुणी ठोकलं तर पत्रा आत जातो हो, तो बाहेर येत नाही. माझं आयुष्य गेलं यात, बापाच्या हाताखाली फ्रॉकमध्ये असल्यापासून पत्रा ठोकतेय, पत्रा मला खोटं सांगत नाही. आतून मारलंय. लाथांनी, उताणं पडून, दोन्ही पाय लावून. पॅडवर टाचेचे ठसे आहेत, पुसलेत तुम्ही, पण रबर घासलेलं पुसून जात नाही. आणि गंज बघा. बघा म्हणते इकडं! वाकलं की रंगाला चीर जाते, चिरेत पाणी जातं, गंज धरतो. ही आतली चीर, काळी, दगडासारखी घट्ट — ही जुनी, लग्नाला वर्षही झालं नसेल तेव्हाची. तिच्यावर ही तपकिरी, पापुद्रे सुटलेली, ती मधली. आणि ही वरची, नारिंगी, बोटाला लागतेय अजून. ही गेल्या आठवड्यातली, ती इथं यायच्या आधीची. म्हणजे एकदा नाही. एकदा रागाच्या भरात झालं, हातून गेलं, मग पाया पडलो — तसलं काही नाही. वर्षानुवर्षं. सवयीनं.

इथं यायचात तुम्ही. आठवतंय? एकटेच आत यायचात, हात जोडून, चहा घेऊ का म्हणून स्वतःच विचारायचात, असे लाघवी. मी म्हणायचे ती कुठंय. तर म्हणे गाडीत बसलीये, उतरायचा कंटाळा आलाय तिला, तुम्हाला माहितीये ना तिचा स्वभाव. आणि मी तुमच्यासमोर तिला नावं ठेवायची, आळशी आहे म्हणून. उन्हात गाडी. काचा वर. तुम्ही इथं बशीत ओतून सावकाश चहा प्यायचात. एकदा मी शटरजवळ गेले तर ती काचेला हात लावत होती. मला वाटलं टाटा करतेय. मी पण केला टाटा. हात हलवला, हसले, आणि आत येऊन तुम्हाला अजून चहा दिला.

मला इतका राग आलाय ना. हातोडी कुठं गेली माझी? थांब, ही बघ. — टण्! घाबरलास? टपावर मारली नुसती. तू म्हणतेय मी आता, हो, तू. जावईबापू म्हणून म्हणून जीभ झिजली माझी. — टण्! आत कसा आवाज येतो रे? आतून कसं वाटतं, कुणी बाहेरून असं मारलं की? तू मारायचास का टपावर? हसायचास का बाहेर उभा राहून? मला सगळं माहीत नाही, तिनं एक शब्द सांगितला नाही, मी फक्त पत्र्यावरून बोलतेय. चुकत असेन तर मान हलव. हलव की! — टण्! हा बघ पोचा पडला. कंपनीचा टप आहे, तरी पडला. हे तुझं लोकल फेंडर, कुठं गेलं, हे — ठप्, ठप्, ठप् — हे बघ, कागदासारखा चोळामोळा झाला, तीन घावात. तुला लोकल हवं होतं ना? घे. कसला पत्रा हा! याच्याआड माणूस बसवायचा?

लाथ मार. मार ना, तीच एक सोय आहे तिथं. उताणा हो, पाय लाव वर, चौकटीला. हां, अस्सा. मार. बूट आहेत तुझ्या पायात, तिच्या पायात चपला होत्या. अजून. अजून जोरात मार, पुरुषासारखा पुरुष तू! — हां! बघ, बघ, हलली चौकट. आणि कुठं वाकली? तिथंच. बरोब्बर तिथंच, त्याच चिरेवर, रंगाचा टवका उडाला माझ्या तोंडावर. म्हणजे बरोबर वाचलं होतं मी. मला वाटत होतं कुठंतरी मी चुकले असेन तर बरं, उगाच त्या पोरावर आळ घेतेय. नाही चुकले. फोन वाजतोय तुझा. वाजू दे. ऐकू येतोय ना आत? येतोय की. हात लांब कर, घे.

एक सांगू? दार आहे माझ्याकडं. लोकल. ते काय, ताडपत्रीमागं उभं केलंय, सकाळीच आणलं, पॅड खोलायच्या आधी. बसवलं असतं तर मघाशीच गाडी सुटली असती. माप-बिप काही चुकलेलं नाही त्याचं, गॅपचं सगळं मी थापा मारल्या, तुला आत बसवायला. मी का नाही बसवलं माहितीये? बसवलं असतं ना, तर तू हाक मारली असतीस. अगं चल, झालं दार, निघूया. आणि ती आली असती. लंगडत आली असती, ओढणी नीट करून, चपला घालून, आणि बसली असती नव्या दाराआड. मला माहितीये. मी आई आहे तिची, मला तिचं माहितीये. मी पाया पडले तरी थांबणार नाही ती. तू राहू दे, तुझ्या नुसत्या आवाजाला घाबरते ती, फोन वाजला तरी ताट सोडून उठते. तिला मी अडवू शकत नाही. म्हणून मग म्हटलं, तिला नाही अडवता येत तर तुला अडवते.

हे बघ, हे वेल्डिंगचं हँडल. हा मास्क. मागच्या दाराला मी सकाळीच एक टाका मारून ठेवलाय, तुला काय वाटलं, नुसत्या लहान मुलांच्या लॉकवर भरवसा ठेवेन मी? हे एक दार राहिलंय. इथं एक टाका, बिजागरीजवळ, आणि इथं एक, लॉकजवळ. एवढे एवढेच. रबर जळेल थोडं, धूर होईल, खोकशील, पण काचेला फट आहे वर, तूच पाडलीस आत्ता. मग बाहेरून पण नाही उघडणार. कुणालाच नाही. मी शटर ओढेन आणि जेवायला जाईन. सीट सरकव मागं, ठिणग्या आत येतात. डोळे मिट. तिकडं बघू नको, प्रकाशानं डोळे जातात, हे मी गिऱ्हाइकाला सांगतेच — काय? पेट्रोल? हो, आहे की टाकीत पेट्रोल. तुझी काळजी वाटतेय का मला? नाही. पत्र्याची वाटतेय. एवढा चांगला पत्रा —

— कधी आलीस गं?

काही नाही. जा, झोप जा. त्या पायावर उभी राहू नकोस म्हटलं ना. काही नाही गं, गॅप बघत होतो आम्ही. हातोडी? पत्रा ठोकणाऱ्या बाईच्या हातात काय असणार? आई काय आई, आई म्हणून नुसतं बघत राहू नकोस माझ्याकडं असं. हो, मी पॅड खोललं. हो, बघितलं सगळं. तुला मी काही विचारलंय का? नाही ना विचारलं? मग तूही नको विचारूस. बाजूला हो. दाराच्या हँडलवरचा हात काढ. काढ म्हणते! अगं तो बघ कसा हसतोय आतून, तुला बघितल्या बघितल्या तोंड बदललं त्याचं, आत्ता माझ्याकडं बघून रडत होता. उघडू नकोस गं. बाई, उघडू नकोस.

बरं.

बरं, उघड. गाडी तुझ्या नावावर आहे, मीच घेऊन दिलीये, मालकाला विचारल्याशिवाय मी पत्र्याला हात लावत नाही कुणाच्या. तुझी गाडी, तुझं दार, तुझा नवरा. कुणी आत कोंडलेलं तुला बघवत नाही, होय ना? तुला नाहीच बघवणार. हे घे, मास्क काढला. बघितलंस का रे, जिंकलास तू. म्हटलं नव्हतं मी, येईल म्हणून? ये बाहेर. हळू, पाय ठेव खाली. एक पाय. खांबाला धर, पायात मुंग्या आल्या असतील. तिच्याकडं कशाला बघतोस असा, तिनं काय केलंय, माझ्याकडं बघ, हातोडी माझ्याकडं आहे. निघायचं नंतर बघू, आधी बाहेर — ए! केस सोड! केस सोड तिचे, सोड म्हणते, मी मारेन हं, डोक्यात घालेन, सोड —

अगं.

अगं बाई, दार सोड. बोटं अडकलीयेत त्याची दारात, खांबाला धरलेली. पाय पण आहे. तू सगळं अंग टाकलंयस दारावर, दुखरा पाय पण रोवलायस, तुला कळतंय का? हो, केस सुटले त्याच्या हातून, केव्हाच सुटले, आता दाब काढ. नाही काढणार? बरं. राहू दे. ओरडू नको रे, आता ऐकू येतंय मला, दाराच्या दणक्यानं काच फुटलीये वरची. दुखतंय ना? दुखणारच. कड बघ कुठली आहे ती, कंपनीची, दुहेरी दुमडलेली. मी तुला सकाळपासून तेच समजावतेय. लोकल असतं तर पत्रा वाकला असता, बोटं वाचली असती. हा नाही वाकत.

काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, त्याला ऐकू जाऊ दे. परत सांग.

ऐकलंत? मालकीणबाई म्हणतायत, कंपनीचंच मागव. महिना लागला तरी चालेल, दोन लागले तरी चालतील. आत्ता सोड गं दार. सोड. मी आहे इथं. अशी बस खाली, टायरवर, पाय लांब कर. रडायचं नाही असं काही नाही, रड. आणि तुम्ही तिला ऊठ-ऊठ करून काही होणार नाही, बोटं त्या फडक्यात गुंडाळा, फडकं स्वच्छ आहे. फोन घ्या टेबलावरचा, डाव्या हातानं घ्या. हिरवी तार मागू नका, ती मी माझ्याकडं ठेवलीये. कुणाला काय सांगायचं ते सांगा, बाथरूममध्ये घसरलो म्हणा. निघा आता, पायी. आणि त्या दाराला हात लावू नका. ते उघडंच राहू दे.